राजर्षींचे रान आणि बुळकांडीचा फेरा

ज्येष्ठी पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर येतो आणि त्याच्याच आगेमागे २६ जूनची शाहू जयंती. कोल्हापूरकरांना हे दोन्ही दिवस सारखेच आपले वाटतात. बेंदराला बैलांची शिंगे रंगतात, अंगावर झुली चढतात, तिन्हीसांजेला कर तुटते. जयंतीला दसरा चौकातल्या पुतळ्याला हार पडतात आणि भाषणांतून १९०२ चा राखीव जागांचा हुकूम, वसतिगृहे, सक्तीचे शिक्षण, माणगावची परिषद यांची उजळणी होते. ती व्हायलाच हवी. पण या सगळ्यात एक शाहू महाराज नेहमी मागे राहतात. ते म्हणजे जनावरांच्या संगतीत रमणारे, घोड्याच्या पाठीवर आणि रानाच्या वाटेवर अर्धे आयुष्य काढलेले महाराज. त्यांच्या शिकारीच्या रानातले गवे आज उसाच्या फडापर्यंत येऊ लागले आहेत, म्हणून या बाजूने त्यांचे चरित्र पुन्हा एकदा पाहण्याजोगे आहे.

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, पन्हाळा, शाहूवाडी या पट्ट्यात गवा शिवारात उतरला की पिकाच्या नासाडीबरोबर आणखी एक धास्ती मनात येते. रानातले हे धूड आपल्या गोठ्याला रोग तर लावून जाणार नाही? शंका रास्त आहे. गवा हा गाईबैलांचाच भाऊबंद, दुभंगलेल्या खुरांचा आणि रवंथ करणारा. गाईला जे बाधते त्यातले बरेचसे त्यालाही बाधते. मात्र रोग कुणाकडून कुणाकडे जातो, याचे उत्तर आपण समजतो तितके सरळ नाही. ते शोधायचे तर बुळकांडीची कहाणी माहीत हवी, आणि ती कहाणी महाराजांच्या काळातून जाते.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई मुधोळकरांची कन्या. मूल तीन वर्षांचे होण्याआधीच आई गेली. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि कागलचे यशवंतराव करवीरचे शाहू छत्रपती झाले. दोन वर्षांनी वडीलही गेले. पुढे राजकोटचे राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली शिक्षण. पुस्तकी अभ्यासाबरोबर घोडा, तालीम आणि शिकार यांचे वेड तेव्हापासूनचे. त्या काळच्या राजपुत्रांना हे सगळेच शिकवत. पण पुष्कळांच्या बाबतीत तो दरबारी शिष्टाचार होता, तर यांच्या बाबतीत तो स्वभाव होता. अंगाने धिप्पाड, कुस्तीचे शौकीन असे हे महाराज माणसांइतकेच जनावरांतही रमत.

महाराज धारवाडला शिकत होते त्याच सुमारास पुण्यात एक वेगळीच शाळा चालू होती. १८८९ च्या डिसेंबरात सरकारने तिथे गुरांच्या रोगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढली आणि डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांना तिचे प्रमुख नेमले. कारण होते बुळकांडी. नावातच रोगाचे लक्षण आहे. आधी सडकून ताप, मग डोळ्यानाकातून पाणी, तोंडात व्रण, आणि मग पातळ, दुर्गंधी जुलाब. सहा ते बारा दिवसांत उभे जनावर आडवे. एका दावणीला लागण झाली की आख्खे गाव रिकामे व्हायला वेळ लागत नसे. आज ट्रॅक्टर आहे, बँक आहे. तेव्हा बैलजोडी हीच शेतकऱ्याची बँक, तोच त्याचा नांगर, तीच त्याची मोट. पेरणीच्या तोंडावर बैल मेला की रान पडीक आणि घर सावकाराच्या दारात. हॅलेन नावाच्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालील आयोगाने १८७१ साली या रोगाचा अहवाल सरकारला दिला होता. तरीही पुढची अनेक वर्षे गावाच्या हातात मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलण्यापलीकडे फारसे काही नव्हते. गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर जाई, आणि रोगही. फरक इतकाच की रोग गाड्याबरोबर नव्हे, बाजाराला निघालेल्या आजारी गुरांबरोबर जात असे.

भर वस्तीत अशा रोगाचे प्रयोग करणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली, जिथे आसपास गुरे फारशी नव्हती. रोग आणि कळप यांच्यात अंतर ठेवायचे, ही त्यामागची साधी कल्पना. पुढच्या वर्षी, २ एप्रिल १८९४ रोजी, विशीच्या महाराजांनी कोल्हापूरच्या गादीची सूत्रे हाती घेतली.

गादी मिळाली ती संकटांसह. १८९६ चा पाऊस हुकला आणि दुष्काळ उभा राहिला, त्यापाठोपाठ प्लेग आला. महाराज संस्थानभर फिरले. स्वस्त धान्याची दुकाने निघाली, कामे सुरू झाली, कामावर येणाऱ्या बायांच्या लेकरांना सांभाळायची सोय झाली. माणसांबरोबर जित्राबांचाही विचार झाला. चाऱ्याची व्यवस्था झाली, संस्थानची राने चराईला मोकळी झाली. दुष्काळात गुरे जगवण्याचा दुसरा उपाय नव्हता आणि आजही फारसा नाही. पण इथेच एक गाठ आहे. दुष्काळात आटलेल्या चार पाणवठ्यांवर दहा गावांची गुरे एकत्र येतात, रानात शिरलेली गुरे गवे-सांबरांच्या चाटणीवर आणि झऱ्यावर जातात. बुळकांडीला पसरायला याहून सोयीची जागा नाही. या रोगाचा विषाणू उन्हातान्हात फार टिकत नाही. तो श्वासातून, लाळेतून, शेणमुतातून, अगदी जवळच्या संगतीतून जातो. जिथे गर्दी, तिथे बुळकांडी. जुन्या काळी दुष्काळ आणि गुरांची पटकी पाठोपाठ येत, त्याचे एक कारण हे.

त्याच १८९६-९७ मध्ये तिकडे आफ्रिकेत बुळकांडीने हाहाकार माजवला होता. १८८७-८८ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी मसावा बंदरात गुरे उतरवली गेली, त्यांच्याबरोबर हा रोग त्या खंडात शिरला असे मानतात, आणि ती गुरे हिंदुस्थानातून गेलेली असावीत असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. दहा वर्षांत रोग इथिओपियापासून दक्षिण टोकापर्यंत पोचला. पुष्कळ भागांत शंभरातली ऐंशी-नव्वद गुरे मेली, आणि त्यांच्याबरोबर रानरेडे आणि हरणांचे कळपही कोसळले. आफ्रिकेच्या रानाला हा रोग ठाऊकच नव्हता. तो दावणीतून रानात गेला होता. रॉबर्ट कॉख यांना इलाज शोधायला किंबर्लीला बोलावले होते. तिथून ते १८९७ मध्ये प्लेगच्या कामासाठी मुंबईला आले आणि मग मुक्तेश्वरलाही जाऊन आले. एकाच माणसाच्या एका प्रवासात गुरांची साथ आणि माणसांची साथ अशा दोन्ही आल्या.

कोल्हापूरकडे परत येऊ. प्लेग-दुष्काळ ओसरला आणि महाराजांचा दिनक्रम ठरून गेला. पहाटे उठणे, खडखडा नावाच्या त्यांच्या प्रसिद्ध गाडीला घोडे जुंपणे आणि मैलोन्‌मैल दौड. या गाडीत बरोबर कोण बसेल याचा नेम नसे. ज्याची सावली टाळायची अशी तेव्हाची रीत, त्याला शेजारी बसवून महाराज भाकरी खात. शिकारीसाठी चित्ते पाळले होते. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढून सोडायचा. या कलेतले चित्तेवान कोल्हापुरात होते आणि त्यांचा लौकिक देशभर होता. सोनतळीच्या छावणीवर फासेपारध्यांना वस्ती मिळाली. ज्यांना सरकारदरबारी जन्मजात चोर ठरवले होते त्यांना महाराजांनी पहाऱ्यावर ठेवले, आणि १९१८ मध्ये अशा जमातींची रोजची हजेरीही बंद केली. रानाची भाषा त्या लोकांइतकी कुणालाच येत नव्हती. शिकारीच्या छंदातून महाराजांची या माणसांशी ओळख झाली आणि त्या ओळखीतून त्यांच्या माथ्यावरचा शिक्का पुसला गेला, असे मला वाटते. निदान दोन्ही गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

संस्थानच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, दाजीपूरचा डंग. जांभूळ, अंजनी, हिरडा, मधूनच उघडे कातळसडे, पावसाळ्यात चार महिने धुके. गव्यांचे हे माहेरघर. करवीरकरांनी हे रान शिकारीसाठी राखले. त्याला आजच्या अर्थाने निसर्गसंवर्धन म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. राखीव रान म्हणजे राजाची शिकार आणि रयतेच्या कुऱ्हाडीला, चराईला लगाम. धनगर-गवळ्यांना तो जाचलाही असणार. पण परिणाम मात्र असा झाला की सह्याद्रीचा उतार ठिकठिकाणी उघडा होत असताना इथला डंग डंग राहिला आणि गवा व गाय यांच्यात थोडेफार अंतर उरले. रोगाच्या दृष्टीने त्या अंतराचे मोल मोठे होते, जरी ते कुणी त्या हेतूने राखलेले नव्हते.

ते मोल कळायला गोवराचे उदाहरण घ्यावे. बुळकांडीचा विषाणू हा गोवराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. घरात एकाला गोवर आला की सगळ्या पोरांना येतो आणि एकदा येऊन गेला की जन्मात पुन्हा येत नाही. बुळकांडीतून वाचलेले जनावरही जन्मभर सुरक्षित, आणि ते आपल्या अंगात रोग लपवून ठेवत नाही. तेव्हा हा रोग टिकायचा कसा? त्याला सतत नवी, न लागलेली वासरे हवीत, हजारोंनी हवीत. एखाद्या लहान बेटावर गोवर आला तर सगळ्यांना होऊन विझतो, मोठ्या शहरात मात्र तो कधीच संपत नाही. रानातला गव्यांचा कळप म्हणजे ते लहान बेट. दहा-पंधरा जनावरे, एखादे-दुसरे वासरू. रोग आत शिरला तर काही मरतात, काही वाचतात आणि रोग विझतो. गावोगावची कोट्यवधी गुरे, बाजार, जत्रा, लमाणांचे तांडे, वासरांची दरसाल भर, हे सारे म्हणजे मोठे शहर. बुळकांडी राहत होती ती आपल्या गोठ्यात. रानात ती पाहुणी म्हणून जाई, आणि कधीकधी तोच पाहुणचार गावाला परत करी, म्हणून गव्यावर आळ येई.

याचा पुरावा कोल्हापूरपासून फार लांब नाही. १९६८ साली कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवरच्या बंडीपूर-मुदुमलाईच्या रानात बुळकांडी शिरली आणि गव्यांची अपरिमित हानी झाली. तिथे रानात चरायला जाणारी गावगुरे होतीच. सह्याद्रीची रांग एक, गव्याची जात एक. दाजीपूरला तसे होणे अशक्य नव्हते.

महाराजांची कारकीर्द मात्र रानात संपत नाही. १९०६ मध्ये सूतगिरणी निघाली, १९१२ मध्ये किंग एडवर्ड शेतकी संस्था आणि खासबागचे कुस्ती मैदान. भोगावतीवर मोठे धरण बांधायचे काम त्यांनी १९०७-०८ च्या सुमारास हाती घेतले ते याच दाजीपूरच्या पायथ्याशी. जवळच्या गावाला लेकीचे नाव देऊन राधानगरी वसवली, जलाशयाला राणीसाहेबांचे नाव दिले. संस्थानाच्या कुवतीबाहेरचे काम होते. महायुद्धाने पैसा आणि सामान दोन्ही अडले, भिंत अर्ध्यावर राहिली. जुनी माणसे धरणाचे कौतुक सांगतात ते पाण्यासाठी आणि विजेसाठी. पण डंगाच्या कुशीत बारमाही पाण्याचा एवढा साठा झाला ही गव्याच्या दृष्टीनेही लहान गोष्ट नव्हती.

ज्या रानाने महाराजांना इतका आनंद दिला त्यानेच त्यांच्यावर सर्वांत मोठा घाव घातला. जून १९१८ मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी रानडुकराच्या मागे घोडा घालत असता पडले आणि गेले. वय अवघे एकोणीस. मागे राहिली ती कोवळ्या वयाची सून, इंदुमती. महाराज त्या धक्क्यातून पुरते सावरले नाहीत असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पण त्यांनी केले काय? जनरीत झुगारून विधवा सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळीला केली. ज्या माळावरून शिकारीच्या मोहिमा निघत तिथे एका मुलीचा अभ्यास सुरू झाला. शाहूचरित्रात मला सर्वांत भिडणारा प्रसंग कोणता म्हणाल तर हा.

१९१९ मध्ये कानपूरला त्यांना राजर्षी ही पदवी मिळाली, १९२० च्या मार्चमध्ये माणगावला त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत पन्हाळा लॉज या बंगल्यात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. तोवर बुळकांडीवर मुक्तेश्वरची लस म्हणजे मुख्यतः रक्तजल होते. ते टोचले की काही दिवसांचे संरक्षण मिळे, बस्स. महाराजांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने मुक्तेश्वरला बकऱ्यांच्या अंगात वाढवून सौम्य केलेला विषाणू वापरात आणला आणि चित्र पालटू लागले. महाराजांना तो दिवस पाहायला मिळाला नाही, जसे धरणही पुरे झालेले पाहायला मिळाले नाही.

धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले. लगेच १९५८ मध्ये दाजीपूरच्या रानाला गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित केले गेले, आणि महाराष्ट्रातले ते पहिले अभयारण्य मानले जाते. १९८५ मध्ये हद्द वाढून ते ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांच्या यादीत ते आले.

त्याच काळात दुसरीकडे सुया टोचल्या जात होत्या. १९५४ मध्ये देशाने बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू केली. गावचावडीपुढे गुरे उभी करून टोचायची, पुढच्या गावाला जायचे, पुन्हा वर्षाने यायचे. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी तयार केलेली लस आली. तिने जन्माचे संरक्षण मिळे. १९९२ पासून शेवटचा नेट लावला गेला, १९९५ मध्ये तमिळनाडूत देशातली शेवटची लागण झाली आणि २००६ मध्ये भारत या रोगातून मुक्त ठरला. या सगळ्या मोहिमेत रानातल्या एकाही गव्याला, सांबराला, रानडुकराला सुई लागली नाही. ते शक्यही नव्हते. गोठ्यातून रोग गेला आणि रानातून तो आपोआप गेला. जगातला शेवटचा रुग्ण २००१ मध्ये केनियाच्या मेरू राष्ट्रीय उद्यानात सापडला, आणि तो रानरेडा होता. रोग तिथे साठून राहिला असता तर आजही भडकला असता. तो विझला. २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचे जाहीर झाले. माणसांतली देवी सोडली तर असा मान दुसऱ्या कुठल्याच रोगाला मिळालेला नाही.

म्हणून रानाला सरसकट निर्दोष ठरवावे असेही नाही. बर्ड फ्लूचा विषाणू रानटी पाणपक्ष्यांत मुळात वास करतो. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कुक्कुटपालकांवर जे संकट कोसळले त्या रोगाचे मूळ घर असे आभाळातले आहे, मग तो तिथवर कुठल्याही वाटेने येवो. आफ्रिकेतला रानरेडा लाळ्या-खुरकुताचा विषाणू घशात वर्षानुवर्षे बाळगतो आणि स्वतः ठणठणीत राहतो. मलेशियात १९९८-९९ मध्ये फळे खाणाऱ्या वटवाघळांकडून निपाहचा विषाणू डुकरांत आला आणि दहा लाखांवर डुकरे मारावी लागली. त्याच विषाणूच्या खुणा पुण्याच्या विषाणू संस्थेला २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत सापडल्या. प्रत्येक रोगाचे बिऱ्हाड वेगळे असते आणि ते रोगागणिक तपासावे लागते. गव्याकडे पाहून वटवाघळाचा हिशोब मांडता येत नाही.

बुळकांडीची धाकटी बहीण शेळ्यामेंढ्यांची पीपीआर. भारतात ती १९८७ मध्ये तमिळनाडूत प्रथम ओळखली गेली. ती मंगोलियात २०१६-१७ मध्ये कळपांतून रानातल्या सायगा हरणांत गेली आणि हजारो हरणे मेली. २०३० पर्यंत तिलाही जगातून हद्दपार करायचे ठरले आहे, आणि मार्ग तोच आहे, मेंढरांना लस.

२०२२ च्या सप्टेंबरात लम्पी आला तेव्हा कोल्हापूरच्या गोठ्यांनी बऱ्याच वर्षांनी जुनी धास्ती अनुभवली. अंगभर गाठी, ताप, आटलेले दूध. राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या. देशात हा रोग २०१९ मध्ये ओडिशात प्रथम दिसला. तो माश्या, डास, गोचिडांमार्फत पसरतो, म्हणजे गायीने गव्याला तोंड लावण्याचीही गरज नाही. राजस्थानात तो गाईंच्या साथीच्या काळात रानातल्या चिंकारांमध्ये आढळला. गाईंना बकऱ्यांच्या देवीची लस टोचली गेली. चिंकाराला टोचायला कोणी गेले नाही. राधानगरीच्या कडेच्या वाड्यांवर गुरे अजून रानात सोडतात, आणि उन्हाळ्यात गवे त्याच वाड्यांच्या पाणंदीतून खाली उतरतात. त्या दिवसांत डंग आणि गोठा यांच्यामध्ये उरते ती फक्त गुरांना दिलेली लस.